दातांत धरलेला चमचा

दातांत चमचा घट्ट अडकलाय – आणि तो ओढायचा नाही. ओढला की जबडा आणखी आवळतो. राजी काही मुद्दाम धरत नाही. सात वर्षांच्या त्या काडीएवढ्या अंगात मान, हात, दात सगळं आपल्याच मर्जीनं आवळतं. थांबायचं, दुसरं काय! बाहेर बेदाणा निवडणाऱ्या बायका कशालाशा खिदळतायत, आणि क्रांती इथे चमच्याचं टोक धरून बसलीय, जन्मभर बसल्यासारखी.

उद्या सांगलीला जायचं. पोटाला छिद्र पाडून नळी बसवणार. घास छातीत उतरतो, म्हणून सारखा न्यूमोनिया. वजन वाढत नाही, आकडीचं औषधही धड पोटात जात नाही... पुढचा न्यूमोनिया हिला झेपायचा नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्रांती मान हलवत राहिली. मनात एकच – मग मी काय करू? चालणं नाही, बोलणं नाही, कधी ‘आई’ म्हणणं नाही. माझं नि तिचं जे काय बोलणं होतं ते या एवढ्याशा चमच्यावर होतं, बाई. तेवढंही काढून घेता? नवऱ्याला फोन केला, तर तो तिकडून, सरहद्दीवरून म्हणाला, “तुला पटंल तसं कर.” झालं!

“आगं, नळीनं कुठं पोट भरतंय व्हय?” सासू चंद्राबाई दारातून म्हणाल्या. “तुझ्या हातचं कसं हसत खातंया लेकरू.”

“व्हय, आत्या.”

हसत... हसतच होती की. गिळण्याच्या एक्स-रे तपासणीच्या वेळी क्रांतीनंच भरवलं होतं, आणि पडद्यावर तो घास काळ्या रेघेसारखा उतरताना दिसला – घशापाशी आला, वळला, आणि सरळ छातीकडे गेला. राजी खोकलीसुद्धा नाही. खोकली नाही म्हणजे नीट गिळलं, असं धरून इतकी वर्षं भरवलं गं मी तुला! रोज, मांडीवर घेऊन, काऊ-चिऊ करत...

आज भरवायचं नव्हतंच. एकच घास, शेवटचा, नाचणीची घट्ट खीर, म्हणून बसली होती.

जबडा सैल झाला. चमचा सुटला. राजीनं मान कशीबशी वळवली, हसली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडून वाट बघत राहिली.

क्रांतीचा हात वाटीपाशी गेला आणि तिथेच थांबला. तिला त्या हाताची भीती वाटली – आणि त्याहून जास्त, उद्यापासून तो रिकामा राहील याची.