पाचवं वाक्य

त्या दिवशीही संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ती दुकानात शिरली आणि बाबांनी कात्री खाली ठेवून अस्तराचा काळा तुकडा टेबलावर पसरला. बाबा शिंपी. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्यांना इंग्रजीचं खूळ लागलं होतं. लेक इंग्रजीची मास्तरीण, तेव्हा शिकवणी घरचीच. नियम मात्र विद्यार्थ्याने केलेले. रोज एक वाक्प्रचार आणि त्याची पाच वाक्यं, खडूने अस्तरावर. चार बाबांची, पाचवं बाईंचं. वाक्य खरं पाहिजे, पुस्तकातलं नको. पाच भरली की तुकड्याच्या चारी कडांना शिवण बसे आणि तो भिंतीवर लागे.

"आज 'लुक फॉरवर्ड टू'," ती म्हणाली. "म्हणजे वाट बघणं. पण आनंदाने."

"मग हे घ्या. उद्या दाढ काढायची आहे. आय लुक फॉरवर्ड टू द डेंटिस्ट."

"बाबा, दाढ काढायची कोण आनंदाने वाट बघतं?"

"ज्याची ठणकते तो!"

शेजारचे चष्मेवाले काका दारातच खो खो हसले. "मी दोन महिने माझ्या विजारीची वाट बघतोय, तेही लिही."

"त्यात आनंद कुठाय?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या शिंप्याकडे टाकली तर आहे!"

दाढ, रविवारची झोप, काकांची विजार, अशी तीन झाली. चौथं बाबांनी लिहिलं: आय लुक फॉरवर्ड टू सिक्स ओक्लॉक. मग खडू तिच्यापुढे धरला. "आता बाईंचं."

तिने खडू हातात घेतला. तोंडून मात्र निघालं, "उद्या लिहीन. या शिकवणीपायी माझ्या वह्या तपासायच्या राहतात."

"बरं. पण खरं लिहायचं हं."

पहाटे झोपेतच बाबा गेले.

महिन्याभराने तिने दुकान उघडलं. भिंतभर शिवलेले तुकडे, आणि टेबलावर तो एकच उघडा. कडांचे धागे सुटलेले, खडू पुसट झालेला. खुंटीवर काकांची विजार, इस्त्री करून टांगलेली.

"म्हणजे झाली होती की रे लबाडा!" काकांनी ती तिथल्या तिथे कमरेला लावून पाहिली आणि लेकीकडे वळले. "पावणेसहा झाले की हातातलं काम टाकून तुझी खुर्ची पुसत बसायचा. विजार वेळेवर होणार कशी?"

ती हसली. दाढेच्या वाक्यावर पुन्हा हसली. मग खडू घेऊन चौथ्याखाली पाचवं लिहिलं आणि बाबांच्या मशीनवर चारी कडा शिवल्या.

"शिवण वाकडी गेलीय," काका म्हणाले.

"जाऊ दे." तिने तुकडा भिंतीवर लावला आणि त्याच्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बाबा, मीपण पावणेसहालाच यायचे. लवकर आले असं दिसू नये म्हणून गल्लीच्या टोकाशी उभी राहायचे, सहा वाजायची वाट बघत. आनंदाने."