चिमणीच्या बोटांची तयारी

सकाळीच मिरच्यांच्या ढिगापाशी बालवाडीच्या बाई आणि चिमणीची काकी यांची जुंपली. आम्ही बाया देठ खुडत होतो, पण कान तिकडेच.

"पोरीला अजून खडू धरता येत नाही," बाई म्हणाल्या. "यंदा पहिलीत बसवायचं तर बोटांत जोर नको? शेंगा सोलू द्या, मणी ओवू द्या. मग लिहिणं आपसूक येतं."

काकी एकदम मऊ झाली. "असं होय? मग बोटांचं माझ्याकडं लागलं."

बाई बिचाऱ्या खूश होऊन गेल्या. काकीचं गोड बोलणं किती महागात पडतं, ते त्यांना काय ठाऊक!

दुसऱ्या दिवसापासून चिमणी ढिगापाशी. मिरची डाव्या हातात, देठ उजव्या चिमटीत, की कट्. बोटांची आग आग व्हायची. चुकून डोळ्याला हात लागला की पोर नाचायची.

"रडतेस काय? अभ्यास आहे तो. बाईंनीच दिलाय," काकी म्हणायची.

मी एकदा म्हटलं, "अगं, आईविना लेकरू आहे."

"मग घेऊन जा की तुझ्या घरी."

माझ्या घरी आधीच खाणारी तोंडं चार. मी पुढची मिरची खुडायला घेतली.

चिमणीला मात्र ते सगळं खरं वाटायचं. रोज संध्याकाळी सुजलेली बोटं पुढे करून विचारायची, "काकी, झाली का तयार?"

"कच्ची आहेत अजून."

शाळा उघडायच्या तोंडावर बाई पाटी-खडू घेऊन आल्या. चिमणीनं फ्रॉकला हात पुसले आणि खडू चिमटीत असा धरला की बाईंचा चेहरा फुलला.

"शाब्बास! आता ओढ बघू रेघ."

बोटांनी सवयीनं आपलं काम केलं. कट्. खडूचं टोक मोडून मागं टाकलं, उरलेला तुकडा मिरच्यांच्या ढिगावर ठेवला आणि पोरीनं दुसऱ्या खडूसाठी हात पुढे केला.

बाया पोट धरून हसल्या. मेलं माझं तोंड, मीही हसले.

बाईंनी पाटी काखेत मारली. "खोडकर आहे. अजून तयारी नाही हिची. पुढच्या वर्षी बघू."

त्या गेल्यावर चिमणीनं काकीकडं पाहिलं. "आता तरी झाली का गं?"

"झाली की," काकी म्हणाली आणि भरलेलं अख्खं पोतं तिच्यापुढं ओतलं.