कारणाचा रकाना

“सतरा मिनिटं?” राजसीने हेडफोन कानांवरून गळ्यात ओढला. “कार्यक्रम एक तासाचा आणि रेकॉर्डिंग सतरा मिनिटांचं? हरिचंद्रकाका, बाकीची त्रेचाळीस मिनिटं गेली कुठे?”

“हवेत गेली,” हरिचंद्र म्हणाले. “रेडिओ आहे ना.”

मागे उभ्या असलेल्या तेजलला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात दडवलं. राजसी मात्र हसली नाही. तिने पुढची फाइल लावली. त्यात तेजलचा नेहमीचा आवाज होता, “नमस्कार मंडळी, दुपारचे दोन वाजलेत, जेवणं झाली का?” मग पाणी कुठल्या भागात कधी येणार ते आलं, शिवमंदिराजवळ सापडलेल्या कुणाच्या तरी चष्म्याची घोषणा आली, आणि पहिला फोन आला. “मी मांजर्लीवरनं विठा बोलतंय.” “बोला विठाताई.” “काय बोलू बाय, घरात ना माज्या...” पुढे टक् असा बारीक आवाज. आणि त्यापाठोपाठ लगेच तेजल म्हणत होती, “काळजी घ्या हं विठाताई. आता एक भजन ऐकू या.”

“हा टक् म्हणजे काय?”

“तो टक् म्हणजे मी,” हरिचंद्र म्हणाले.

शेजार रेडिओ हे एवढंसं केंद्र. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शाळेचा तिसरा मजला, दोन खोल्या, मध्ये एक काच आणि गच्चीवर एक खांब. आवाज जायचा तो एका अंगाला कुळगावपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला उल्हासनगरच्या कॅम्पांपर्यंत, त्यापुढे खरखर. काचेच्या पलीकडे तेजल बोलायची, अलीकडे हरिचंद्र यंत्रं सांभाळायचे. असं अकरा वर्षं चाललं होतं. लायसन्स शाळेच्या संस्थेच्या नावावर होतं आणि राजसी ही संस्थेने आठ महिन्यांपूर्वी नेमलेली व्यवस्थापक.

ते लायसन्स आता महिनाअखेर संपत होतं. नवं हवं तर गेल्या तीन महिन्यांचं सगळं रेकॉर्डिंग दाखवायचं, असा नियम. त्यात निम्मे आवाज तरी इथल्या माणसांचे असायला हवेत, हाही नियम. तपासणीची माणसं शुक्रवारी येणार होती. आज सोमवार होता, आणि माणसांचे आवाज जिथे हवेत तिथे नेमका टक् होता.

“एकदा नाही, दोनदा नाही,” राजसी कागदावर खुणा करत म्हणाली, “चौसष्ट दिवस! मशीन खराब आहे का तुमचं?”

हा प्रश्न मात्र हरिचंद्रांना लागला. ते यंत्र त्यांनी स्वतः जुळवलं होतं. दोन पावसाळ्यांमागे वीज पडली आणि कंप्युटरचं आपोआप रेकॉर्डिंग करणारं सगळं जळालं. संस्थेने नवं आणतो म्हणून सांगितलं आणि आणलं नाही. तेव्हा त्यांनी जुने सुटे भाग गोळा करून डबा उभा केला, त्याला एक लाल बटण लावलं. तेव्हापासून तो डबा एक दिवसही अडला नव्हता.

“मशीन चांगलं आहे,” ते म्हणाले. “बटण मी बंद करतो. माणूस घरातलं बोलायला लागलं की बंद, झालं की चालू.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

राजसीने दोन्ही हातांनी कपाळ दाबलं.

आता हे तिला कसं सांगायचं? हरिचंद्रांच्या उमेदीची अठ्ठावीस वर्षं उल्हासनगरात तीन नंबरच्या कॅम्पात आसनदासच्या दुकानात गेली होती. कुळगावच्या शेतकऱ्याचं पोर, आठवी झालेलं, सोल्डरिंगचा वास घेत मोठं झालं. तेव्हा रेडिओ लाकडी असायचे, त्यांवर क्रोशाचं झाकण असायचं, आणि रेडिओ ऐकायचंही लायसन्स लागायचं. वडिलांचं ते पुस्तक घेऊन हरिचंद्र पोस्टात रांगेला उभे राहत. पुढे टेपरेकॉर्डर आले. लोक दुरुस्तीला आणून देत तेव्हा आत कॅसेट तशीच राहिलेली असे. एका कॅसेटमध्ये आखातातून नवऱ्याने पाठवलेलं बोलणं, दुसरीत मेलेल्या बापाचा आवाज. आसनदासचा शिरस्ता असा की आधी कॅसेट काढायची, कागदात गुंडाळायची, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं आणि मशीन आपल्या दुकानातल्या कॅसेटवर तपासायचं. एकदा हरिचंद्रांनी गंमत म्हणून कुणाची तरी कॅसेट लावली होती. आसनदासने ती थांबवली आणि एवढंच म्हणाला, “मशीन खोल, बेटा. किसी का घर मत खोल.”

तरीही केंद्रावर आल्यावर पहिली नऊ-दहा वर्षं ते सगळं रेकॉर्ड करत होते. मग गोदूचं झालं. जांभूळफाट्याकडची गोदू, चाळिशीची बाई. नवऱ्याच्या पिण्याबद्दल तेजलशी तिने मोकळेपणाने बोलून घेतलं. आठ दिवसांनी सासरचा कुणी माणूस केंद्रावर आला, “आमच्या वहिनी रेडिओवर होत्या, आठवण म्हणून पाहिजे,” असं गोड बोलला. तेव्हाच्या व्यवस्थापकाने कौतुकाने पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं. ते सासरच्यांनी घरच्या हळदीला, मांडवात, मोठ्या स्पीकरवर लावलं. त्यानंतर गोदूचा फोन कधी आला नाही. तेजलने लावून पाहिला तर नंबर बंद.

त्या दिवसापासून हरिचंद्रांचं बोट लाल बटणावर असे. हवेतलं हवेत जातं. ज्याने ऐकलं त्याने ऐकलं, पण कुणाच्या हातात पुरावा राहत नाही. नव्याने फोन करणाऱ्याला तेजल हे आधीच सांगून ठेवायची. बाया बोलत्या झाल्या त्या त्यानंतर.

त्यांनी हे सगळं राजसीला सांगितलं. तिने ऐकलं, मध्ये तोडलं नाही. पोरगी वाईट नव्हती.

“काका, मला पटतंय,” ती म्हणाली. “पण मी संस्थेत कुणाकुणाशी भांडतेय ठाऊक आहे का? ते म्हणतात, कशाला पाहिजे रेडिओ, मोबाइल आहे ना सगळ्यांकडे. ही खोली स्मार्ट क्लासला द्या. मी त्यांना सांगितलं, रेकॉर्डिंग ऐका, लोक किती बोलतात ते ऐका. आणि आता ऐकवू काय? टक्?”

“पुराच्या वेळचं आहे की,” तेजल म्हणाली. “मांजर्लीत पाणी शिरलं तेव्हा विठाताई माडीवरून सांगत होत्या, जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते. आपण दिवसभर लावलं होतं. बोटवाले आपलं ऐकून गेले होते तिकडे.”

“ते जुनं. फक्त गेले तीन महिने धरतात.”

“काय येडेपणा आहे यार!” तेजलने हातातली वही टेबलावर आपटली. मग हरिचंद्रांकडे वळून म्हणाली, “आणि काका, तुम्ही पण! मधूनमधून तरी चालू ठेवायचं. आता आपणच आपलं बंद पाडलं ना.”

हरिचंद्रांनी वही उचलून तिच्यापुढे ठेवली. कुणाचं मधूनमधून चालू ठेवायचं होतं, हे विचारावंसं वाटलं, पण तेजलच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या घरी कमावणारी ती एकटी.

मग राजसीनेच तोड काढली. नेहमी फोन करणाऱ्यांना केंद्रावर बोलवायचं आणि पुन्हा बोलायला लावायचं, या खेपेला बटण चालू ठेवून. तारीख बुधवारची पडली तरी चालेल, लोकांचे आवाज तरी दिसतील. तेजलने तीसेक फोन केले. आले आठ जण.

पहिले कोंडाजी, कारखान्यातून निवृत्त झालेले, दर मंगळवारी मुलाच्या तुसडेपणाबद्दल कळवळून बोलणारे. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. डब्यावरचा लाल दिवा बघून त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर...”

“कोंडाजीकाका, इथे कुणी अध्यक्ष नाहीये. माझ्याशी बोला ना, नेहमीसारखं. जितेश कसा वागतोय आता?”

“चिरंजीव उत्तम आहेत,” कोंडाजी दिव्याकडे बघत म्हणाले. “त्यांचं आम्हांला संपूर्ण सहकार्य आहे.”

सगळ्यांचं असंच झालं. एकीने स्वागतगीत म्हटलं. एकाने स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं. शेवटी विठाताई आल्या. काष्ट्याचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत केंद्रासाठी आणलेली शेवग्याची पाला-भाजी. भाजी तेजलच्या हातात देऊन त्या खुर्चीवर बसल्या.

“हा रेडू लय चांगला हाय. धन्यवाद,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

“अहो ताई, थांबा ना,” राजसी म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी सुनेबद्दल बोलला होतात, मी रेडिओवर ऐकत होते. ती माहेरी गेली, चूक तुमची होती, तुम्हांला झोप लागत नाही, असं सगळं. ते बोला.”

विठाताईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग हरिचंद्रांकडे.

“ता मी तेजलशी बोलले व्हते. या डब्याशी कशाला बोलू? आन सून आलीय आता परत. कुनी तिला ऐकवला तं पुन्हा जाईल.” दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. “हरिभाव, तुमचं काय वाईट होनार नाय ना यामुळं?”

“नाय गं विठा,” हरिचंद्र म्हणाले. “तू जा. भाजी झ्याक हाय.”

आठ जणांचं मिळून अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. राजसीने ते एकदा ऐकलं आणि स्वतःच पुसून टाकलं.

गुरुवारी सकाळी हरिचंद्र आले तेव्हा टेबलावर नवं यंत्र होतं. काळं, चपटं, डब्यासमोर नजरेतही न भरणारं. संस्थेने दोन वर्षं न आणलेली वस्तू एका दिवसात आली होती. त्याला बटण नव्हतं. वीज असेल तोवर ते सगळं टिपत राहणार होतं. त्यांचा डबा वायरी काढून खाली ठेवला होता.

राजसीने त्यांच्यासमोर एक तक्ता ठेवला. चार रकाने होते, तारीख, वेळ, न मिळणारी मिनिटं आणि कारण. पहिले तीन तिने रात्री घरी बसून भरले होते. चौथा रिकामा होता. चौसष्ट ओळी.

“हे तंत्रज्ञाच्या हस्ताक्षरात लागतं,” ती म्हणाली.

हरिचंद्रांनी खिशातून पेन काढलं. “काय लिहू? बोलणाऱ्या माणसाचा मान राखण्यासाठी बंद केले, असं लिहितो. खरं तेच आहे.”

“काका, तसं लिहिलंत तर आपण मुद्दाम नियम मोडला असं होतं. उद्याच्या उद्या लायसन्स गेलं.” तिने रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. “तांत्रिक बिघाड लिहिलं, तर एक संधी आहे. मग आम्ही हमी देऊ शकतो. यंत्र बदललं आहे, आणि...”

“आणि?”

“आणि तंत्रज्ञही बदलतो आहोत, असं.” ती खिडकीकडे बघत होती. “तरीसुद्धा मिळेलच असं मी नाही सांगू शकत. संस्थेचं मन आधीच नाहीये. पण तेजलची नोकरी, केंद्र, सगळंच... मला दुसरं काही सुचलं नाही, काका.”

हरिचंद्रांनी पेनाचं टोपण काढलं. आसनदासच्या दुकानात गिऱ्हाईक चिडून यायचं, तुमच्याकडून नेलं आणि पुन्हा बिघडलं म्हणून. अठ्ठावीस वर्षांत असं गिऱ्हाईक हरिचंद्रांच्या कामाबद्दल एकदाही आलं नव्हतं. आसनदास ते चार लोकांत सांगायचा. आता त्यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं होतं, की माझं यंत्र चौसष्ट वेळा बिघडलं.

“रोज दुपारी दोनलाच बिघडायचं, ही पण कमालच म्हणायची,” ते म्हणाले.

“वाचत नाही कुणी एवढं,” राजसी हळूच म्हणाली.

त्यांनी पहिल्या ओळीत लिहिलं, तांत्रिक बिघाड. खाली “वरीलप्रमाणे” लिहिता आलं असतं, राजसीने तसं सुचवलंही. पण हरिचंद्र नको म्हणाले. प्रत्येक ओळ पूर्ण लिहायला बसले. अक्षर त्यांचं पहिल्यापासून ठसठशीत.

दोन वाजले. काचेपलीकडे तेजलने माइक ओढला. “नमस्कार मंडळी, जेवणं झाली का?” पाण्याच्या वेळा झाल्या. पहिला फोन लागला. हरिचंद्र तेव्हा एकोणचाळिसाव्या ओळीवर होते.

“तेजल, मी विठा. आगं, काल तिथं बोलता नाय आला. माज्या घरात ना पुन्हा...”

हरिचंद्रांचा हात कागदावरून उठला आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे आता नुसतं टेबल होतं. त्यांनी काचेतून पाहिलं. तेजल त्यांच्याकडेच बघत होती.

“विठाताई,” तेजल म्हणाली, “एक सांगते. आजपासून सगळं टेप होतंय हं.”

काही क्षण केंद्रावरून, कुळगावपासून कॅम्पापर्यंत, काहीच गेलं नाही.

“आसं व्हय?” विठाताई म्हणाल्या. “मंग ऱ्हाऊ दे. तुज्याकडं पानी आला का गं आज?”

“आलं ना. सकाळी आलं.”

“आमच्याकडं बी आला. गढूळ हाय जरा.”

“गाळून घ्या, ताई.”

“घेते. बरा मंग. ठेवते.”

तेजलने भजन लावलं. हरिचंद्रांनी तक्ता पुढे ओढला, तारीख नीट वाचली, आणि चाळिसाव्या ओळीत लिहायला सुरुवात केली.