सैल पट्ट्याचा ठेका

सदामामांची आठवण आली की आधी त्यांचा उजवा तळहात दिसतो. तेलाने रेषा काळवंडलेला, माघातल्या कोवळ्या उन्हात स्पीकरच्या लाकडी खोक्यावर अलगद टेकलेला. चाकणच्या कंपनीतल्या अजस्र प्रेसने तीस वर्षांत त्यांचे कान नेले होते. गाणे ते आता हातानेच ऐकत.

तरुणपणी, मशिन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरने जाताना त्यांना एक कॅसेट दिली होती. गळा नावापुरता, बाकी सारे यंत्रांचेच गाणे. घरच्यांनी नाके मुरडली, मामा मात्र भाळले. दिवसभर अंगावर आदळणाऱ्या यंत्राला कुणीतरी नाचायला शिकवले, याचेच त्यांना अप्रूप. पुढे टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा तुटला, तेव्हा त्यांनी कंपनीच्या भंगारातली रबरी रिंग बसवली. ती पडली सैल. कॅसेट संथ वाजू लागली, आणि तीच ऐकून गावच्या बँडवाल्यांनी ठेका उचलला. आमच्या पंचक्रोशीतल्या वराती आजही त्याच संथ ठेक्यावर डुलतात.

यंदा माघात त्यांच्या स्वातीच्या हळदीला मी नको तो शहाणपणा केला. लेकीच्या हळदीत त्याच गाण्यावर नाचायचे, हा मामांचा महिनाभराचा ध्यास होता. मला फोनवर त्या कॅसेटचा मूळ अल्बम सापडला होता. बँडवाल्याला म्हटले, आज खऱ्या गतीने वाजव, मामांना त्यांचे गाणे एकदा तरी शुद्ध मिळू दे. ठेका सुटला. मामांनी बँडच्या स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. हळदीने माखलेली स्वाती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"हे माझं गाणं न्हाई," ते हळूच म्हणाले. "आता हातालाबी ऐकू येईना का काय?"

धावत जाऊन मी ठेका पुन्हा संथ करायला लावला. तळहाताखालचे लाकूड ओळखीचे झाले तसे मामांचे खांदे सैलावले, आणि लेकीचा पिवळा हात धरून ते मन भरेपर्यंत नाचले.

पावसाळा सरता सरता मामा गेले. मूळ अल्बम मी अजूनही ऐकतो. तो निर्दोष आहे. पण त्याचा प्रत्येक ठोका जरा लवकर पडतो आणि मामांचा यायचा राहतो. त्या दोन ठोक्यांमधल्या रिकाम्या जागेत मी त्यांची वाट पाहत थांबतो.