वृषाली मॅडमना नापास करण्याचा कट

वृषाली मॅडमना सोमवारी धुळ्याला नेलं.

पण असं काही झालेलंच नाही, असं आम्ही धरून चालतो. सावद्याजवळच्या आमच्या शाळेत दहावी ‘ब’ आजही गणिताच्या तासाला उभी राहून रिकाम्या खुर्चीला नमस्ते करते, आणि खुर्ची ‘बसा’ म्हणाली असं समजून बसते.

साहेब तपासणीला येण्याआधीच बातमी आणली होती शिपाई भाईदासनानांनी, ते मूळचे धुळ्याचे. “सायबना बठ्ठा फॉर्म मी वाचेल शे, पोरहो. मॅडम चांगली निघनी, का चालनी धुळे!”

म्हणजे मॅडम फॉर्मवर प्रभावी ठरल्या, तर बाकीच्या शिक्षकांना शिकवायला धुळ्याला, प्रतिनियुक्तीवर. इथं बोर्डाला दोन महिने उरलेले, आणि भूपेंद्र नुकताच गणितात अठ्ठावीसवर पोचलेला. पस्तीसला सात कमी.

उपाय सोपा होता. साहेबांसमोर सगळ्यांनी चूक उत्तरं द्यायची. भूपेंद्रला सरावाची गरज नाही, असं सर्वानुमते ठरलं.

शिक्षक प्रभावी का ठरतो, याचे रकाने साहेबांच्या फॉर्मवर होते: पदवी, प्रशिक्षण, अनुभव, प्रोजेक्टर. आमचा प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात लग्नातल्या शालूसारखा जपलेला आहे.

साहेबांनी विचारलं, “घडाला नऊ फण्या, फणीला सोळा केळी. घडात केळी किती?”

भूपेंद्र उठला. “पंचवीस.”

साहेबांनी उसासा टाकून पेन उघडलं. आम्ही जिंकलो होतो.

तेवढ्यात मागून मॅडम म्हणाल्या, “कसं काढलंस?”

त्या कधी ‘चूक’ म्हणत नाहीत. एवढंच विचारतात आणि अशा थांबतात, की जणू तुमचं उत्तर ऐकायलाच त्यांनी बी.एड. केलं.

“नऊ नि सोळा मिळवले, मॅडम.”

“बरं. असा घड पाहिलायस कुठं?”

भूपेंद्रच्या तोंडावर उजेड पडू लागला. अख्खा वर्ग खोकला. मी त्याचा शर्ट ओढला.

“पंचवीस केळ्यांचा घड निघाला तर आमचे आबा बागच उपटतील! गुणायचं, मॅडम. एकशे चव्वेचाळीस. पण साहेब, खालच्या फण्यांत केळी कमी भरतात. तुमचं गणितच चुकलंय.”

“कसं काढलंस?” साहेबांनी विचारलं. त्यांनाही लागण झाली होती.

त्यांनी ‘अत्यंत प्रभावी’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तरी साहेबांना सविनय विनंती, की वृषाली मॅडमना तातडीने अप्रभावी घोषित करून परत पाठवावे. ते नियमात बसत नसल्यास दहावी ‘ब’ची बाकांसह धुळ्याला प्रतिनियुक्ती करावी, व भूपेंद्रला पुढचा बाक मिळावा. सात गुण अद्याप येणे आहेत.