झुरळं उठवणारा महाराज

डोळे मिटा पाहू, मुलांनो, आणि माझ्याबरोबर चला. साल एकोणीसशे शहाण्णव. नवी मुंबईतली, कोपरखैरण्याची माथाडी वसाहत. चाळींमधल्या मोकळ्या जागेत मांडव, मांडवात दोनशे माणसं आणि पाटावर काचेची बरणी. बरणीत वीसेक झुरळं. तांबडी, चपचपीत, एकमेकांच्या पाठीवर चढणारी. शिसारी आली? यायलाच हवी. त्या मांडवातले लोक मात्र बरणीला हात जोडून बसले होते.

बरणीमागे संजीवन महाराज. जटांना तेल थापलेलं, तोंडात पान. त्यांनी चिमूटभर पिवळी भुकटी बरणीत टाकली. "हा देवाचा भंडारा!"

पाचच मिनिटांत झुरळं थरथरली, उलथी पडली, पाय आखडून निपचित झाली.

"मेली का न्हाई?"

"मेली!" गर्दी ओरडली.

"आता ह्यास्नी पवित्र बरणीत ठिवतो. उद्या सकाळी उठिवतो. जमंल तुमच्या डाक्टरला?"

झुरळं दुसऱ्या, स्वच्छ बरणीत ओतली, सगळी बरणी लाल फडक्यात गुंडाळून बांधली. सकाळी मंत्र पुटपुटून महाराजांनी फडकं सोडलं, तर झुरळं वळवळत होती!

"येळकोट येळकोट!" मांडव दुमदुमला.

"झुरळात जीव घालतो, तो पोरात न्हाई घालनार?" महाराजांनी पानाची पिंक मांडवाच्या बांबूवर टाकली. "दम्याचा बी किडा असतो, माऊली. छातीत बसतो. पंप बंद करा. पोराच्या उशाला भंडारा, अंगावर भंडारा. झाडपाल्याचा हाय, अपाय काय बी न्हाई!"

हे ऐकून सर्वांत आधी उठली ती राजलक्ष्मी. तिच्या पाच वर्षांच्या शिवतेजला दमा होता. तिची थोरली मुलगी तेजश्री सहावीत होती. घरी आल्यावर आईने दम्याच्या औषधाचा पंप माळ्यावर टाकला आणि शिवतेजच्या गादीवर भंडारा उधळला. तेजश्रीच्या नाकाला त्याचा उग्र वास झोंबला.

"आई, अगं ह्याला हळदीसारखा वासच येत नाही. झटकू का?"

"गप! भंडारा कुनी झटकत्यात व्हय? पाप लागंल."

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवतेजची छाती शिट्टीसारखी वाजू लागली. ओठ काळे पडले. बाबा गोदामात, आई जप करत बसलेली. तेजश्री तळमजल्यावर धावली. तिथे कमळाकर सर राहत. शाळेतून निवृत्त झाले तरी वसाहतीतल्या मुलांना विज्ञान शिकवणं त्यांनी सोडलं नव्हतं.

"सर, शिवतेजला श्वास घेता येत नाहीये!"

सरांनी आधी खिडक्या उघडल्या. माळ्यावरून पंप काढून डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे दिला आणि मायलेकरांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. "आधी पोर," ते म्हणाले, "मग झुरळं."

रात्रीपर्यंत शिवतेज सावरला. आई मात्र म्हणाली, "किडा मरताना तडफडनारच की! सोमवारी घरी नेलं की परत भंडारा लावायचा."

 दुसऱ्या दिवशी तेजश्रीने सरांना गाठलं.

"सर, महाराजांनी झुरळांची बरणी का बदलली?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोनशे माणसांत एकालाही हा प्रश्न पडला नाही, बाळा. उत्तर मी देणार नाही. झुरळंच देतील."

मोरीच्या जाळीतून झुरळं पकडताना तेजश्रीला दोनदा ओकारी आली. रविवारी संध्याकाळी दोघांनी नाकाला रुमाल बांधले, दोन बरण्यांत झुरळं घेतली आणि घरचा भंडारा चिमूट चिमूट टाकला. झुरळं उलथल्यावर एका बरणीतली स्वच्छ बरणीत काढली, दुसरीतली तशीच राहू दिली.

सोमवारी सकाळी दोन्ही बरण्या फडक्यात गुंडाळून मांडवात आल्या. शिवतेज अजून दवाखान्यातच होता; राजलक्ष्मी नवा भंडारा न्यायला आली होती. तेजश्री पाटासमोर उभी राहिली.

"ही झुरळं काल ह्याच भंडाऱ्याने उलथली. मला मंत्र येत नाही. तेराचा पाढा येतो. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..." एकशे तीसपर्यंत जाऊन तिने एका बरणीचं फडकं काढलं. स्वच्छ बरणीतली झुरळं तुरुतुरु पळत होती.

"आयला! पाढ्यानं बी उठत्यात की!" कुणीतरी म्हणालं, आणि मांडव हसला.

"महाराज, आता ही दुसरी उठवा," दुसरं फडकं सोडत सर म्हणाले.

महाराजांनी मंत्र म्हटला, फुंकर मारली. झुरळं ढिम्म. "हितं कुनीतरी विटाळ केलाय!"

तेवढ्यात तेजश्रीचे बाबा, धनाजी, पुढे झाले. त्यांनी पाटावरची भुकटी चिमटीत घेऊन हुंगली. "आरं, ही तर आमच्या गोदामातली! वर हळद मिसळलीया. शेवंतीसारख्या फुलांची पूड हाय, डासांच्या कॉइलच्या कारखान्यात जाती. पोतं वाहिलं की मान खाजून लाल व्हती आमची. आन् ह्यो माझ्या पोराच्या उशाला घालतोय?"

"ऐका," सर म्हणाले. "किड्याच्या नसांना बारीक दारं असतात. निरोप गेला की ती मिटतात. ही पूड त्यांना मिटू देत नाही. निरोपांचा गोंधळ होतो, किडा थरथरतो आणि लुळा पडतो. लुळा, मेलेला नव्हे! थोड्या पुडीनंतर स्वच्छ जागा मिळाली, तर त्याचं शरीर विष पचवतं आणि तो उठतो. पुडीतच लोळत राहिला की मरतो."

"मग मानसाला?" राजलक्ष्मीने विचारलं.

"आपलं शरीर हे विष लवकर मोडतं. म्हणून फटीत, कोपऱ्यात, अन्न झाकून, मुलांपासून लांब वापरली आणि हात धुतले, तर ही पूड कामाची आहे. पण तिची धूळ दमेकऱ्याच्या छातीत गेली की श्वासनळ्या आवळतात. माशांच्या टाकीत पडली तर मासे मरतात. झाडाचं म्हणजे निर्धोक? धोतराही झाडच ना?"

राजलक्ष्मीने दोन्ही हात पदराला खसाखसा पुसले. "माझ्याच हातानं उधळली की वो..."

महाराज झोळी काखोटीला मारून निघाले होते. पाया पडायला कुणी उठलं नाही. लोक त्यांचा स्पर्श टाळत बाजूला सरकले.

मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एक प्रश्न विचारा. खऱ्या गोष्टीला प्रश्नाने धक्का बसत नाही; खोट्याची मात्र पळापळ होते. आणि आजारी माणसाचं औषध कुणाच्याही शब्दावर बंद करू नका.

तेजश्री मात्र मांडवात थांबलीच नाही. दोनशे माणसांनी ती पूड घरी नेली होती. ओलं फडकं आणि बादली घेऊन ती पहिल्या चाळीच्या पहिल्या दारापाशी गेली. आत तान्हं बाळ खोकत होतं. तिने कडी वाजवली.

"काकू, आधी खिडकी उघडा. बाकीचं मग सांगते."