आव्हेलार नदीतला थांबायचा दगड

मी एक जुना दगड आहे. एवढं वाचून पान उलटू नका, मित्रांनो. दगडाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. डोंगरात होतो तोवर मलाही तसंच वाटायचं.

आमचा डोंगर पोर्तुगालच्या उत्तरेला, मिन्यो भागात आहे. एका हिवाळ्यात बेंतू मेस्त्री तिथे आला. त्याने माझ्या पाठीवर ओळीने भोकं पाडली, त्यांत ओकच्या सुक्या खुंट्या ठोकल्या, वर घडाभर पाणी ओतलं आणि तो खुशाल जेवायला घरी गेला. मला हसू आलं. पण खुंट्या पाणी पीत गेल्या, फुगत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोंगरापासून सुटा झालो होतो. लाकडाने आणि पाण्याने कातळ फुटतो! पुढे सगळा जन्म पाण्यात गेला, तरी त्या सकाळचं नवल अजून ओसरलेलं नाही.

असे आम्ही अकरा जण बैलगाड्यांतून खाली सोब्रेदो गावात आलो. चाकं अशी करकरत होती की अख्खा गाव काठावर जमला. तिथे मी आव्हेलार नदी पहिल्यांदा पाहिली. डोंगरावरून ती एक बारीक रेघ दिसायची. जवळून पाहिलं तर रेघ कुठेच नव्हती, नुसतं जाणंच होतं. सगळं जात होतं आणि नदी मात्र तिथेच होती. मी तोंडात बोटं घातली असती, पण ती मला नव्हती.

नदी ओलांडायला आमची ओळ मांडायची होती. दोन दगडांत अंतर किती ठेवायचं? बेंतूने स्वतःची ढांग मोजलीच नाही. त्याने बायकोच्या, मार्सेलीनाच्या डोक्यावर मक्याची भरलेली टोपली दिली, तिला वाळूत चालायला लावलं आणि तिच्या पावलांमधलं अंतर दोरीने मोजून घेतलं.

"तुमची ढांग नाही का मोजायची?" ती म्हणाली. "की सगळी मेहनत माझ्याच मानेला?"

"मी काय, उडीसुद्धा मारीन," बेंतू म्हणाला. "टोपली मारेल का?"

मग आमची निमुळती बाजू प्रवाहाकडे करून त्याने आम्हाला बसवलं. शेवटी पायातला लाकडी जोडा काढून त्याने वरच्या अंगाला पाण्यात सोडला. जोडा दोन दगडांमधून अंगाला न लागता गेला तर दगड बरोबर बसला. घासला, अडला, तर पुन्हा पहारीने दगड हलवायचा. प्रत्येक फटीसाठी हा खेळ झाला. माझ्यासाठी तर चौदा वेळा! मार्सेलीना खाली कंबरभर पाण्यात उभी राहून जोडा पकडायची आणि दर वेळी नवऱ्याचा उद्धार करायची. पण शेवटच्या वेळी जोडा माझ्या डाव्या कुशीवरून असा अलगद गेला की तिनेसुद्धा मान डोलावली.

मी मधला, सहावा. इतरांच्या दुप्पट रुंद. माझ्यावर दोन माणसं मावतात, म्हणून मला 'थांबायचा दगड' म्हणतात. समोरून कुणी येत असेल तर ज्याच्याकडे ओझं कमी, त्याने माझ्यावर येऊन बाजूला उभं राहायचं आणि ओझंवाल्याला जाऊ द्यायचं. ओझी सारखी असली तर ज्याला पुढे चढ चढायचा आहे तो आधी. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. गिरणीकडे धान्य घेऊन जाणाऱ्या बायका, गवताचे भारे घेतलेले गडी, पाद्रीबुवा, सगळे थांबायचे. दोन लग्नं तर केवळ माझ्यावर थांबल्यामुळे जमली. त्यातल्या एका जोडप्याकडे ओझं मुळीच नव्हतं, तरी दोघंही हलेनात.

मग वरच्या अंगाला पूल झाला. डांबरी रस्ता आला. तरणी माणसं फ्रान्सला कामाला गेली, गिरणीचं चाक थांबलं, आणि आमच्या अंगावर शेवाळ चढलं. कित्येक वर्षं माझ्यावर फक्त एक करडा बगळा उभा राहायचा. त्याच्याकडे ओझं नसायचं आणि समोरून कुणी यायचंही नाही. मित्रांनो, झिजण्याचं दुःख नव्हतं. कुणी झिजवत नव्हतं, त्याचं होतं.

एक दिवस दोन माणसं रंगाचे डबे घेऊन आली. काठावरच्या झाडावर आणि पहिल्या दगडावर त्यांनी एक पिवळा आणि एक तांबडा असे आडवे पट्टे काढले. पायी फिरणाऱ्यांसाठी ही खूण होती, की वाट इकडून आहे. सोब्रेदोच्या देवळापासून निघून पुन्हा देवळापाशी येणारी नऊ किलोमीटरची वाट, आणि तिच्या मधोमध आम्ही.

ती वाट मी कधी पाहिलेली नाही. मी ती बुटांच्या तळव्यांवरून ओळखतो. आधी द्राक्षमांडवाखालची काळी माती येते. मग पाइनच्या सुया. शरदात तळव्यात रुतलेलं चेस्टनटचं काटेरी टरफल येतं, कुरणातलं ओलं गवत येतं, आणि गाईंच्या शेणाबद्दल तर बोलायलाच नको. एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या बुटाला जांभळ्या रानफुलाची इवलीशी पाकळी चिकटून आली होती. ती माझ्यावर सुटली, वाऱ्याने पाण्यात पडली. डोंगरमाथ्यावर इतकं नाजूक काही उगवतं, हे मला डोंगराचा असूनही ठाऊक नव्हतं.

वाटेमुळे सगळ्यांत जास्त सुख झालं ते तिया झुल्मिराला. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला तिया म्हणतात. तिचं घर आमच्या वरच्या अंगाला, अगदी काठाशी, आणि अंगणात तिच्या आईने बांधलेली मातीची भट्टी. ती मक्याचा पाव भाजायची, आणि चालून भुकेलेली माणसं तो गरमगरम फस्त करायची. तिच्या घराच्या वर, चढावर, अदेलीनो मेस्त्री राहायचे. बेंतूचे पणतू, वय एक्याऐंशी, पायात अजूनही लाकडी जोडे. रोज सकाळी ते पाव न्यायला उतरायचे आणि झुल्मिराशी भांडून परत जायचे. ते भांडण म्हणजे दोघांची न्याहारीच होती.

मग एका उन्हाळ्यात शहरातून आलेले एक जाडजूड गृहस्थ रिकाम्या हातांनी डुलत डुलत निघाले. समोरून पाठीवर बोजा घेतलेली एक मुलगी येत होती. थांबायची रीत गृहस्थांना कुठली माहीत! ते मला ओलांडून पुढे गेले, चौथ्या दगडावर दोघं समोरासमोर आली, दोघांनीही कडेने निघायचं पाहिलं, आणि गृहस्थ धपकन पाण्यात बसले. पाणी कमरेएवढंच, पण तक्रार गळ्यापर्यंत गेली.

मोजपट्टी घेऊन तालुक्याहून इंजिनिअरबाई आल्या. त्यांचं नाव ग्रासिएला. बाई मनाच्या चांगल्या, पण घाईच्या. त्या म्हणाल्या, "वाट 'सोपी' म्हणून नोंदलेली आहे. असे पाय घसरायला लागले तर मला ती पुलावरून डांबरी रस्त्याने वळवावी लागेल. नाहीतर या फटी सिमेंटने बुजवू. सपाट होईल, चाकावरची खुर्चीसुद्धा जाईल."

"बुजवा," झुल्मिरा लगेच म्हणाली. "वाट वळली तर माझा पाव बगळ्याला घालू का?"

मेस्त्री लाल झाले. "फट म्हणजे रिकामी जागा नाही, बाई. दगडांवरून आपण जातो, फटींतून नदी जाते. माझ्या पणजोबांनी जोडा सोडून—"

"झालं! निघाला जोडा!" झुल्मिरा म्हणाली. "तुमच्या त्या जोड्याला सांगा, भट्टीत लाकडं घाल म्हणावं!"

"अगं, दोन पाव जास्त खपावेत म्हणून नदीचा गळा दाबतेस?"

हे तिच्या जिव्हारी लागलं. सप्टेंबरात माणसांनी फटींत सिमेंट ओतलं. त्या दिवसापासून मेस्त्री पाव न्यायला उतरले नाहीत, आणि झुल्मिराने चढाकडे मान वर करून पाहिलं नाही. दोघांचीही न्याहारी तुटली.

मी आता दगड नव्हतो, भिंत होतो. दोन्ही कुशींना सिमेंट. ज्या पाण्याने दीडशे वर्षं मला दोन्ही अंगांनी कुरवाळलं, ते माझ्या तोंडावर येऊन नुसतं उभं राहायचं. पानं साचली, फांद्या साचल्या. खालच्या अंगाचे गोटे उघडे पडले.

नोव्हेंबरात तीन दिवस पाऊस पडला. चौथ्या दिवशी सकाळी नदी जी आली, मित्रांनो, तशी मी कधी पाहिली नव्हती. मोठे पूर मी पाहिले होते. पण तेव्हा नदी आमच्यामधून गर्जत जायची आणि मला वाटायचं, मीही तिच्यात गातो आहे. या वेळी ती आम्हाला धडकली आणि थबकली. एक अख्खं झाड येऊन आडवं झालं. नदी फुगली, बाजूला वळली आणि झुल्मिराच्या अंगणाकडे निघाली. एवढी ताकद मी जन्मात जाणली नव्हती. मला तिची भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. पण ती त्या भट्टीवर निघाली होती, आणि तिला तिकडे वळवणारा मीच होतो.

इंजिनिअरबाई सकाळीच पाणी पाहायला आल्या होत्या. त्या आणि झुल्मिरा पिठाची पोती उचलून वरच्या पायरीवर नेत होत्या. पाणी भट्टीच्या ओट्याला लागलं. झुल्मिराने पोतं खाली टाकलं आणि चढाकडे तोंड करून ती जिवाच्या आकांताने ओरडली, "मेस्त्री! अहो मेस्त्री! चुकलं माझं! या हो खाली!"

मेस्त्री येतच होते. खांद्यावर पहार, हातात दोर, पायांत तेच जोडे.

"ओरडू नकोस, ऐकू येतंय," ते म्हणाले. "रडायचं नंतर. हा दोर धर. बाई, तुम्हीही धरा. मी वाहून गेलो तर हिच्याशी भांडायला कोण उरेल?"

दोराचं एक टोक त्यांच्या कमरेला, मधला भाग ओकच्या बुंध्याला, आणि दुसरं टोक दोघींच्या हातात. ते काठावरच्या कातळावर उभे राहिले आणि पहिल्या दगडाशेजारचं सिमेंट त्यांनी वाकून निरखलं. मग म्हणाले, "शेवाळ न खरवडताच ओतलंय. शेवाळाला सिमेंट धरत नसतं." त्यांनी पहार खुपसली. एकदा. दोनदा. पाचव्या घावाला तो तुकडा सुटला.

पुढचं कसं सांगू? त्या एका फटीतून नदीला वाट दिसली. काठाजवळचं सिमेंट थरथरलं आणि निघालं. मग त्याच्या पुढचं. मग आडवं झाड वळलं आणि माझ्या डाव्या कुशीतलं ओझं एकदम नाहीसं झालं. थंड, मातकट, जिवंत पाणी माझ्या अंगावरून धावलं. अकराही दगड आतून घुमले. काठावरची तिन्ही माणसं दोर धरून नुसती पाहत राहिली. पाणी भट्टीच्या तोंडाखाली चार बोटांवर येऊन थांबलं, आणि हळूहळू मागे सरलं.

"मी चुकीचं मोजलं," बाई म्हणाल्या. "दगड मोजले. फटी मोजल्याच नाहीत."

पूर ओसरल्यावर उरलेलं सिमेंट छिन्नीने काढलं. बाई स्वतः गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. शेवटी मेस्त्रींनी जोडा काढून वरच्या अंगाला सोडला. तो पकडायला बाई खालच्या अंगाला उभ्या होत्या. जोडा डुलत आला, माझ्या जवळ आला, आणि अलगद, न शिवता, माझ्या डाव्या कुशीवरून निघून गेला. बाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. त्या जोड्याकडे इतक्या भान हरपून पाहत होत्या की पकडायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि जोडा गेला वाहत समुद्राकडे.

"घ्या! आता मी एका पायावर चढू?" मेस्त्री म्हणाले.

"मी पाव घेऊन येईन वर," झुल्मिरा म्हणाली. "रोज येईन. तेवढंच भांडणही घरपोच."

वाट काही वळली नाही. काठावर आता एक लहान पाटी आहे. ओझं कमी असेल त्याने सहाव्या दगडावर थांबावं, एवढंच तिच्यावर लिहिलं आहे. चाकाच्या खुर्चीवाल्यांना पुलावरून येणारी निराळी वाट बाईंनी आखून दिली. आणि गेल्या वसंतात बाई सुटीच्या दिवशी एकट्याच, रिकाम्या हातांनी आल्या. समोरून डोक्यावर पावाची टोपली घेतलेली झुल्मिरा येत होती. बाई माझ्यावर आल्या, बाजूला सरकल्या, थांबल्या. झुल्मिरा त्यांना ओलांडून गेली. तिची पावलं बरोब्बर मार्सेलीनाच्या पावलांवर पडत होती. बाई मात्र हलल्या नाहीत. किती तरी वेळ त्या खाली पाहत होत्या. पाणी फटींतून जात होतं आणि नदी तिथेच होती.

मित्रांनो, तुमच्याही गावी एखादी नदी असेल, ओढा असेल. त्यात आमच्यासारखे कुणी असतील, तर त्यांना भिंत करू नका. त्यांच्या फटीतला पालापाचोळा तेवढा काढा. आणि कधी सोब्रेदोला आलात, तर बुटांना काय काय लागलंय ते पुसू नका, तसेच या. मला वाट पाहायची आहे. तुमच्या हातात काही नसेल, आणि समोरून कुणी येत असेल, तर घाई करू नका. मी रुंद आहे. माझ्यावर थांबा.